मण्यातला त्रास

‘त्रास’ हा शब्द मराठीत इतका घरगुती होऊन गेला आहे की त्याच्यासाठी कोश उघडावा असे सहसा कुणाला वाटत नाही. गुडघ्याचा त्रास असतो, शेजाऱ्यांचा असतो, आणि ‘तुम्हांला उगाच त्रास दिला’ हे तर आपले सौजन्याचे ठरीव वाक्य आहे. संस्कृतात हा शब्द एवढा सौम्य नव्हता. तिथे त्याचा अर्थ भय, दचकणे, अंगाचा थरकाप. पण संस्कृत कोशकारांनी या अर्थाच्या शेजारी आणखी एक अर्थ नोंदवून ठेवला आहे, आणि तो पहिल्यांदा वाचताना माणूस थबकतो : मण्यातील दोष. भीतीला आणि रत्नातल्या वैगुण्याला एकच शब्द का असावा?

रत्नशास्त्राच्या ग्रंथांत याचा एक धागा सापडतो. नीलमण्याच्या दोषांमध्ये ‘भिन्न’ आणि ‘त्रास’ हे दोन वेगवेगळे मोजले आहेत. ‘भिन्न’ म्हणजे खरोखरच तडकलेला. ‘त्रास’ म्हणजे खडा तडकला आहे की काय, असा संशय ज्यामुळे येतो तो दोष. तडा नाही, तड्याची शंका आहे. खडा बोटांत धरून उजेडाकडे वळवताना आत काहीतरी चमकून जाते आणि पारख्याच्या छातीत क्षणभर धस्स होते. ते धस्स होणे आधी पारख्याचे असावे आणि भाषेने ते पुढे खड्याच्या नावावर चढवले असावे, असा माझा कयास आहे. तो बरोबर असो वा नसो, एक गोष्ट मात्र उघड आहे. ज्या भाषेने ही नावे दिली तिच्या मनात खड्यापेक्षा खडा बाळगणाऱ्याची चिंता अधिक होती.

प्रस्तुत टिपणात मला तेच पाहायचे आहे. खड्यातल्या किंवा काचेतल्या उणिवेला नाव देताना लोकांनी नेमका कोणता प्रश्न विचारला होता : किंमत किती, मरणार कोण, की हे आत आले कसे? आणि आपल्या साहित्यशास्त्राने ‘दोष’ हा शब्द उचलला तेव्हा यांपैकी कोणता प्रश्न त्याच्या मनात होता? काव्यदोषांची यादी पाठ करून परीक्षा देणाऱ्या आणि घेणाऱ्या आपणा सर्वांना हा दुसरा प्रश्न थोडा जवळचा आहे.

कौटिल्यापासून आरंभ करणे सोयीचे, कारण तो भीत नाही. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात राजकोशात दाखल करावयाच्या रत्नांच्या परीक्षेचे प्रकरण आहे. नको असलेल्या मोत्यांची तिथली नावे वाचताना बाजारात फिरल्यासारखे वाटते. मसूरक, म्हणजे मसुरीच्या दाण्यासारखे चपटे, कूर्मक, कासवासारखे, अर्धचंद्रक, कामंडलुक, कमंडलूच्या आकाराचे, कंचुकित, अंगावर साल चढलेले, यमक, म्हणजे जुळे (आपल्या यमकाचा हा गरीब भाऊ), आणि दुर्विद्ध, म्हणजे ज्याचा वेज चुकला आहे ते. मण्यांच्या दोषांत मंद रंग, आत वाळूसारखी कणी, तुटका कोपरा आणि ‘लेखाकीर्ण’, म्हणजे अंगभर रेघा. यांतला कुठलाही दोष कुणाचा जीव घेत नाही. कौटिल्याचा शब्द आहे ‘अप्रशस्त’. ही कोठाराच्या दारावर बसलेल्या अधिकाऱ्याची भाषा आहे. हे घ्यावे, हे घेऊ नये, घेतलेच तर भाव पाडून घ्यावे, एवढेच तिला म्हणायचे आहे.

सहाव्या शतकातल्या वराहमिहिराकडे येईतो हवा बदललेली दिसते. बृहत्संहितेतल्या वज्रपरीक्षेत दोषांची नावे अजून तशीच डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींची आहेत. कावळ्याच्या पावलाचा ठसा, माशी, केस, कणी, बुडबुडा, झिजलेले टोक. पण आता असा हिरा बाळगणाऱ्याचे आप्त, वैभव आणि आयुष्य यांचा क्षय होतो. बुद्धभट्टाची रत्नपरीक्षा याहून पुढे जाते. (तिचाच मोठा भाग गरुडपुराणात आला आहे. फ्रेंच पंडित लुई फिनो यांनी १८९६ साली पॅरिसमध्ये हे सारे ग्रंथ एकत्र छापले, तेव्हापासून हा संबंध अभ्यासकांना ठाऊक आहे.) ज्या हिऱ्याच्या एखाद्या भागावर रक्तासारखी लाल झाक आहे, तो स्वेच्छामरणाचे वरदान असलेल्यालाही लवकरच मारतो, असे तिथे म्हटले आहे. भीष्मालासुद्धा सूट नाही.

याच परंपरेत रत्नांच्या जन्माची कथा येते. बल नावाच्या असुराचा यज्ञात पशू म्हणून वध झाला आणि त्याच्या देहाच्या तुकड्यांपासून रत्ने झाली. हाडांचे हिरे, रक्ताचे माणिक, दातांचे मोती, पित्ताचा पाचू आणि डोळ्यांचे इंद्रनील. एकदा रत्न हे मेलेल्याच्या शरीराचे अवशेष ठरले की त्याला व्याधी जडणे ओघानेच आले. पाचूच्या दोषांत ‘विस्फोट’ आहे. आज आपण हा शब्द बाँबसाठी वापरतो, पण तिथे त्याचा अर्थ अंगावर उठणारा फोड. माणकाच्या दोषांत ‘जड’ आहे, ‘धूम्र’ आहे आणि चक्क ‘कोमल’ही आहे. कोमलता हा एके ठिकाणी काव्याचा गुण आणि दुसरीकडे माणकाचा रोग. रत्नांना आजार लावणारे आपण एकटेच नव्हतो, हेही सांगितले पाहिजे. पहिल्या शतकातल्या रोमन प्लिनीने आपल्या निसर्गेतिहासाच्या शेवटच्या पुस्तकात स्फटिकाचे दोष सांगताना आत दडलेल्या गळवाचा उल्लेख केला आहे. ढग आहे, गंज आहे, आणि भेगेसारखा दिसणारा केसही आहे. प्लिनीचा केस, वराहमिहिराचा केस आणि पुढे उर्दूत आरशाला पडणारा ‘बाल’ ही तीन नावे एकमेकांकडून घेतली असे मानण्याचे कारण नाही. काचेतली बारीक चीर जगात कुठेही पाहिली तरी ती केसासारखीच दिसते.

काकपदावर मात्र थोडे थांबायला हवे. अगस्तिमतात हिऱ्याचे पाच दोष मोजले आहेत : मल, बिंदू, यव, रेखा आणि काकपद. यांतला यव हाताच्या अंगठ्यावर असला तर सामुद्रिकवाले खूश होतात, तोच हिऱ्यात निघाला तर त्याचा रंग पाहून फळ सांगावे लागते. पण काकपद सर्वांत वाईट. त्याचे मरणाशी नाते कावळ्यामुळे जडले असणार, हे कुणालाही पिंडदान पाहिल्यावर सांगावे लागू नये. हाच शब्द हस्तलिखितांच्या अभ्यासकांना वेगळ्या कारणाने परिचित आहे. नक्कल करताना एखादे अक्षर वा शब्द सुटला तर लेखक तिथे एक छोटी खूण करतो आणि सुटलेला मजकूर समासात किंवा ओळीच्या वर लिहितो. त्या खुणेचे नावही काकपद. हिऱ्यात ते मृत्यूची सूचना आहे आणि पोथीत ते चूक कबूल करून दुरुस्त केल्याची नोंद आहे. उपमा मात्र एकच, कावळ्याच्या पावलाची.

ही भीती कितपत खरी होती? म्हणजे लोक ती मानत होते की व्यापाऱ्यांनी ती बाळगून ठेवली होती? वराहमिहिराने आप्त, वैभव आणि आयुष्य यांचा क्षय जिथे सांगितला, तिथेच लगोलग या सर्व सदोष हिऱ्यांची किंमत एक अष्टमांशाने कमी धरावी असा हिशेबही दिला आहे. सारे कुटुंब बुडवणारी वस्तू रुपयाला दोन आणे सवलतीत मिळते, हे वाचून हसू येते. ते येऊ द्यावे. पण त्यात एक गोष्ट दिसते. कोठारवाल्याचा प्रश्न कधी मेलाच नव्हता. भीतीच्या भाषेखाली तो आपला हिशेब करीतच होता. पुढे कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त, म्हणजे बाराव्या शतकात, रत्नपरीक्षा कोशाच्या प्रकरणातच येते. आणि अल्लाउद्दीन खिलजीच्या खजिन्यातली रत्ने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या ठक्कुर फेरूने १३१५ मध्ये आपला ग्रंथ संस्कृतात न लिहिता प्राकृतात लिहिला. असा ग्रंथ पंडितांपेक्षा दुकानात बसणाऱ्यांच्या अधिक कामाचा.

भीती आणि हिशेब यांची गाठ कशी पडे याचा सर्वांत बोलका पुरावा सतराव्या शतकातला आहे. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये गोवळकोंड्यापासून पाच दिवसांच्या वाटेवरच्या, त्याने राओलकोंडा म्हटलेल्या खाणीवर गेला होता. १६७६ मध्ये छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात तिथल्या कारागिरांची पद्धत दिली आहे. खडा स्वच्छ असेल तर ते त्याला सहाणेवर जेमतेम टेकवतात, कारण वजन घटवायचे नसते. आत एखादा ठिपका, कणी किंवा चीर असेल तर मात्र सबंध खडा पैलूंनी भरून टाकतात, म्हणजे दोष दिसू नये. अगदी बारीक असेल तर तो एखाद्या पैलूच्या कडेखाली दडवतात. आज आपण ‘अनेक पैलू असलेले व्यक्तिमत्त्व’ असे गौरवाने म्हणतो, तेव्हा त्या कारागिरांची आठवण ठेवायला हरकत नाही. पुढे ताव्हर्निये म्हणतो की व्यापारी लाल ठिपक्यापेक्षा काळा पत्करतात, आणि लाल असला तर खडा भाजून तो काळा करून घेतात. असे का, याचे कारण तो देत नाही. बुद्धभट्टाचा रक्तवर्ण हिरा आठवला की कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही, निदान मला तरी. ज्या ठिपक्याने माणूस मरतो त्याचा रंग विस्तवावर बदलून घेतला की तो नुसता भाव पाडणारा ठिपका होतो. हे लोक दिवसाउजेडी हिरा पारखत नसत. भिंतीत एक कोनाडा ठेवून त्यात जाड वातीचा दिवा लावत आणि रात्री त्या उजेडात खडा बोटांत धरून आत पाहत. त्याचे ‘पाणी’ पाहायचे तर दाट पानांच्या झाडाखाली जात; हिरव्या सावलीत निळसर झाक ओळखू येते म्हणून.

रत्न पाहणाऱ्याचा डोळा इथे आपोआप विषयात येतो, आणि शब्दांचा इतिहास पाहिला तर तो आधीपासूनच त्यात आहे. गरुडपुराणात इंद्रनीलाच्या दोषांत ‘पटल’ आणि ‘अभ्रिका’ येतात, म्हणजे पापुद्रा आणि ढग. आयुर्वेदात ‘पटल’ हे डोळ्याच्या थरांचे नाव आहे. दोष (हाही शब्द सामाईक) एकेका पटलातून आत शिरत जातो तसतशी दृष्टी मंदावते, आणि त्या पायऱ्यांना वाग्भटाने तिमिर, काच आणि लिंगनाश अशी नावे दिली आहेत. काच! संस्कृत सुभाषितकारांनी मण्याचा शत्रू म्हणून जिला उभे केले ती काच, वैद्याच्या लेखी डोळ्यातला रोग होती. मराठीने हे नाते अजून जपले आहे. मोतीबिंदू आणि काचबिंदू हे शब्द आपण रुग्णालयाच्या रांगेत उभे राहून उच्चारतो आणि त्यांत मोती, काच आणि बिंदू असे जवाहिऱ्याच्या पेढीवरचे तीन शब्द आहेत, हे लक्षातही येत नाही. खड्याची आणि डोळ्याची उपमा जुळते ती दोघांनाही पारदर्शक असावे लागते म्हणून. इंद्रनील हे असुराच्या डोळ्यांपासून झाले, ही कथा रचणाऱ्याला हे ठाऊक नसेल असे वाटत नाही.

आता साहित्यशास्त्राकडे वळू. दंडीने काव्यादर्शाच्या आरंभीच सांगितले की काव्यातल्या लहानशा दोषाकडेही दुर्लक्ष करू नये, आणि दृष्टान्त दिला तो कोडाचा. सुंदर शरीर कोडाच्या एका डागानेही नकोसे होते. हा दृष्टान्त आज वाचवत नाही, पण तो कोणत्या प्रश्नातून आला आहे हे स्पष्ट आहे. एक डाग आणि सारे शरीर त्याज्य. हे काकपदाचे तर्कशास्त्र आहे. उलट कालिदासाने कुमारसंभवाच्या सुरुवातीला हिमालयावरच्या बर्फाबद्दल म्हटले की अनेक गुणांत एक दोष चंद्रकिरणांत डाग बुडावा तसा बुडून जातो. दोघे थोर, आणि दोघांची मते परस्परविरोधी. अकराव्या शतकात काश्मिरात मम्मटाने काव्याची व्याख्या करताना शब्दार्थ निर्दोष असावेत ही अट पहिल्यानेच घातली, तेव्हा दंडीचे पारडे जड झाले असे म्हणता येईल.

त्या अटीला चौदाव्या शतकात कलिंगातल्या विश्वनाथाने साहित्यदर्पणात जे उत्तर दिले ते आपण वर्गात अनेकदा घाईने उरकतो. तो आधी मम्मटाची कोंडी करतो. निर्दोष तेच काव्य म्हटले तर काव्य फार विरळ होईल, किंबहुना उरणारच नाही. बरे, ‘अदोष’ म्हणजे ‘थोडे दोष असलेले’ असा अर्थ केला, तर ज्यात मुळीच दोष नाही ते काव्य ठरणार नाही! आणि ‘दोष असलाच तर थोडा असावा’ असे म्हणायचे असेल, तर ती गोष्ट व्याख्येत घालायचीच नसते. रत्नाचे लक्षण सांगताना ‘कीड न लागलेले’ असे कुणी म्हणत नाही. किडीने पाडलेले भोक रत्नाचे रत्नपण हिरावू शकत नाही. ते फक्त त्याच्या ग्राह्यतेत तारतम्य उत्पन्न करते. काव्यातले श्रुतिदुष्टादी दोषही तसेच.

विश्वनाथाचा हा युक्तिवाद मला रत्नशास्त्र शेजारी ठेवून वाचला तेव्हा नव्याने कळला. रत्नाचा दृष्टान्त घ्यायचाच होता तर त्याच्यापुढे भयंकर दोषांची लांबलचक यादी होती. त्यात रक्तवर्ण होता, काकपद होते, त्रास होता. तो यांपैकी कशालाच हात लावत नाही. तो निवडतो कीटानुवेध. एक क्षुद्र, निरुपद्रवी, पोखरण्यातून आलेले वैगुण्य. कठीण खड्याला कीड कशी लागेल, असे कुणी विचारील. पण मोती आणि पोवळे हीही रत्नेच, आणि समुद्रातले जीव शिंपले आणि पोवळी पोखरतात. दृष्टान्ताची ही निवड मला सहज झालेली वाटत नाही. रक्तवर्ण हिरा घेतला असता तर प्रतिपक्षी लगेच म्हणाला असता : त्याचे रत्नपण राहिले असेल, पण तो घरात ठेवील कोण? विश्वनाथाने दोषाची कल्पना भीतीच्या बाजूने काढून हिशेबाच्या बाजूला, कौटिल्याच्या कोठाराकडे परत नेली. ‘तारतम्य’ हा शब्द त्याने याच कामासाठी वापरला आहे. मूळ संस्कृतात तो तर आणि तम या प्रत्ययांपासून झाला. म्हणजे अधिक आणि सर्वाधिक यांतला फरक, प्रतवारी. मराठीत ‘तारतम्य’ आज शहाणपणाच्या जवळ जाणारा शब्द आहे. ‘जरा तारतम्य बाळग’ असे आपण मुलांना सांगतो, तेव्हा दोषाला मृत्युदंड देऊ नकोस एवढाच त्याचा मूळ आशय असतो.

मराठीची स्वतःची दोषवाचक संपत्ती कोणती, असा प्रश्न यानंतर येणारच. सोन्याच्या बाबतीत आपण श्रीमंत आहोत. कस, कसोटी, हिणकस, बावनकशी हे सारे शब्द सराफकट्ट्यावरून उठून थेट नीतिशास्त्रात आणि समीक्षेत येऊन बसले आहेत. हिऱ्यामाणकांच्या दोषांबाबत तसे झाले नाही. सोने गुंजभर का होईना घरोघर होते आणि हिरे मूठभर कोठारांत होते, हे त्याचे सरळ कारण असावे. ‘डाग’ आणि ‘ऐब’ हे शब्दही फारसी वाटेने आले. काचेसाठी मात्र शब्द आहेत आणि ते स्वयंपाकघरातले आहेत. काचेला तडा जातो, चीर पडते, ओरखडा उठतो, कपाचा टवका उडतो.

बांगडी पिचते. हा शब्द बाहेरच्या मराठी शिकणाऱ्याला समजावून पाहावा. फुटलेली नाही, पण आतून गेली आहे. हातात राहिली तर बोचेल. आणि ती काढून टाकायची झाली तर ती ‘फोडायची’ नाही, ‘वाढवायची’. कुंकू वाढते तशी बांगडीही वाढते, कारण बांगड्या फोडण्याचा प्रसंग वेगळा आहे आणि त्या प्रसंगाचे नाव घराच्या उंबऱ्याच्या आत घ्यायचे नाही. बुद्धभट्टाचा हिरा राजाचा होता. काचेची बांगडी कासाराकडून भरली जाते आणि तिची किंमत नगण्य असते. तरी तिच्यातल्या तड्याचा संबंध जोडला जातो तो एका माणसाच्या मरण्याजगण्याशी. रत्नशास्त्रातले फलित संपले असे समजणाऱ्यांनी या एका क्रियापदाकडे पाहावे. बाईची अब्रू म्हणजे काचेचे भांडे, ही म्हणही याच कुळातली. तिथे तारतम्याला जागा नसते. तडा गेला की भांडे गेले. कीड लागलेल्या रत्नाचे रत्नपण टिकते हे विश्वनाथाने पद्यासाठी मान्य करून घेतले, पण भाषेने ते बाईला लागू केले नाही. मराठीत ‘काच’ या शब्दाचे दुसरे रूप पुल्लिंगी आहे : तो काच, सासुरवासाचा काच. त्याची व्युत्पत्ती कदाचित निराळी असेल. कानाला मात्र ती काच आणि तो काच शेजारी शेजारी ऐकू येतात, आणि त्रासही फार दूर नसतो.

‘हे आत आले कसे’ हा तिसरा प्रश्न विचारला जायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. काचकारखान्यातल्या इंग्रजी परिभाषेत बुडबुड्याला सीड म्हणजे बी, न विरघळलेल्या कणाला स्टोन आणि आतल्या दाट रेघेला कॉर्ड म्हणजे दोरी म्हणतात. नावे पुन्हा साम्यावरूनच पडलेली. पण प्रत्येक नावामागे कारण आहे. चुनखडी आणि सोडा तापल्यावर सुटणारा वायू अडकला की बी, भट्टीच्या भिंतीचा तुकडा पडला की दगड, आणि रस नीट ढवळला गेला नाही की दोरी. जर्मनांनी काचेतल्या या अदृश्यप्राय रेघांना ‘श्लीरेन’ म्हटले. त्या शोधण्याची युक्ती ऑगस्ट टोप्लर याने १८६४ च्या सुमारास इतकी सुधारली की तिच्याने हवेतले प्रवाहही पाहता येऊ लागले. मेणबत्तीवरून चढणारी गरम हवा, पुढे बंदुकीच्या गोळीभोवतीची लाट. त्या तंत्राचे नाव आजही श्लीरेनच आहे. दोषाच्या नावावर एक दृष्टी उभी राहिली.

खनिजांच्या बाबतीत हे काम हेन्री क्लिफ्टन सॉर्बी या इंग्रजाने केले. स्फटिकांच्या पोटात सूक्ष्म पोकळ्या असतात, त्यांत द्रव असतो आणि द्रवात एक बुडबुडा. १८५८ च्या निबंधात त्याने दाखवले की द्रव थंड होऊन आकसल्यामुळे बुडबुडा तयार झाला आहे. म्हणून बुडबुडा किती मोठा आहे यावरून स्फटिक किती तापमानाला घडला याचा अंदाज करता येतो. वराहमिहिराने बुडबुड्यासाठी एक अष्टमांश वजा केला होता. सॉर्बीने त्याच बुडबुड्यात खडकाचा जन्म वाचला.

बाजाराची परिभाषा या बदलामागून शंभर वर्षांनी चालत आली. अमेरिकेतल्या जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूटने १९५३ मध्ये हिऱ्याच्या स्वच्छतेची जी प्रतवारी रूढ केली तिच्या तळाशी ‘इम्परफेक्ट’ हा शब्द होता. १९९० च्या दशकात तो बदलून ‘इन्क्लुडेड’ असा केला. इंग्रजी आद्याक्षर तेच राहिले, म्हणून फारसे कुणाच्या ध्यानात आले नाही. पण ‘अपूर्ण’ हा निर्णय आहे आणि ‘आत काही असलेला’ हे वर्णन आहे. २०१४ मध्ये ब्राझीलच्या जुईना भागातल्या एका मळकट, तपकिरी, बाजारात कवडीमोल ठरलेल्या हिऱ्याविषयी ‘नेचर’मध्ये निबंध आला. तीन मिलिमीटरांच्या त्या खड्यात रिंगवुडाइट या खनिजाचा, डोळ्यांना न दिसणारा एक कण सापडला. हे खनिज जमिनीखाली पाचशेहून अधिक किलोमीटरांवर घडते. ते तिथून आलेले याआधी कुणी पाहिले नव्हते. त्या कणात वजनाच्या सुमारे दीड टक्का पाणी होते. पृथ्वीच्या पोटात खोलवर पाणी आहे की नाही, या जुन्या वादात तो कण साक्षीदार झाला. हिरा निर्दोष असता तर त्याला सांगण्यासारखे काही नव्हते.

राहिला शब्दाचा प्रश्न. इंग्रजी ‘इन्क्लुजन’साठी मराठीत बहुधा ‘दोष’ हाच शब्द वापरला जातो, आणि अनुवाद करणाऱ्याची तिथे पंचाईत होते. ‘हिऱ्यातील दोषामुळे पृथ्वीच्या अंतरंगाचे ज्ञान झाले’ हे वाक्य मराठीत जरा विचित्र ऐकू येते. नवा शब्द घडवण्याआधी जुनी यादी पुन्हा पाहिली तर नीलमण्याच्या दोषांत, त्रासाच्या पुढे दोन नावे आहेत : मृद्गर्भ आणि अश्मगर्भ. पोटात माती असलेला, पोटात दगड असलेला. यादीकारांनी त्यांना दोषांतच मोजले हे खरे. पण त्यांनी वापरलेला शब्द ‘गर्भ’ आहे, आणि अमरकोशात अश्मगर्भ हे पाचूचे नाव म्हणून, कसलाही दोष न लावता, दिलेले आहे.